लांब नळी, आखूड नळी

लोकांच्या घरी बाहेरच्या खोलीत जिथे टीपॉय असतो, तिथे या घरात मोटरसायकलचं इंजिन होतं. खिडकीखाली, लाकडी फळीवर ठेवलेलं, वर जुनी चादर पांघरलेली. नवा पाहुणा आला की चादरीकडे बघून विचारायचा, "शिलाई मशीन का?" आणि बाई म्हणायच्या, "हो, यांचं. शिवतात अधूनमधून."

बाई म्हणजे पहिलीच्या वर्गाच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीतल्या अर्ध्याअधिक लोकांचा हात धरून पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलेलं. त्यामुळे त्या सगळ्यांच्या बाईच राहिल्या. नवऱ्याच्यासुद्धा. नवरा कारखान्यात फिटर होता, म्हणून गल्ली त्यांना फिटर म्हणे, आणि तेही गंमतीनं बायकोला बाईच म्हणत. "बाई, चहा मिळेल का, की हात वर करू?" हा त्यांचा रोजचा विनोद. रोज तोच, आणि रोज त्यावर ते स्वतःच हसत.

मोटरसायकल त्यांच्या लग्नाच्याही आधीची. मागच्या उन्हाळ्यात फिटरांनी तिला पार उतरवली होती. चाकं काढली, टाकी काढली, व्हरांड्याच्या तुळईला कप्पी बांधून एकट्यानं इंजिन उचलून बाहेर काढलं. सांगाड्याला काळा रंग दिला आणि तो व्हरांड्यात वाळत ठेवला. इंजिन बाहेरच्या खोलीत आणून उघडलं, आतलं झिजलेलं बदललं, पुन्हा बंद केलं. आता फक्त बसवायचं राहिलं होतं. आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला.

हात हळूहळू आला. पायही आला, काठीच्या आधारानं. वाचा मात्र जड झाली. पहिल्यांदा जरा शब्द जुळवता यायला लागले तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं दूरगावी राहणाऱ्या मुलाला फोन लावायला सांगितलं. ते बोलले. तिकडून मुलगा म्हणाला, "काय? बाबा, काय म्हणताय? नीट ऐकू येत नाहीये. आईला द्या बरं." फिटरांनी फोन बाईंच्या हातात दिला. त्या दिवसापासून ते बोलले नाहीत.

वाचा सुधारायला एक तरुण मुलगी घरी यायची. गोड होती. पिशवीतून चित्रं काढायची. कप, किल्ली, गाय.

"काका, हे काय आहे?"

फिटरांनी कपाच्या चित्राकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दाराशी ती बाईंना म्हणाली, "जीभ जड आहे, पण त्यांना बोलता येतंय. ते बोलत नाहीत, हे खरं दुखणं आहे. आत्ता वापरली तर सुधारेल. असेच गप्प राहिले तर काही महिन्यांनी बोलावंसं वाटलं तरी जमणार नाही."

हे वाक्य बाईंच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना बोलतं केलं होतं. मुकी म्हणून आणून घातलेली पोरं त्यांच्या वर्गातून पोपटासारखी बोलत बाहेर पडली होती. आणि आता घरातच, त्यांच्या डोळ्यांदेखत, एका माणसाची वाचा विझत चालली होती.

त्यांनी ठरवलं, इंजिन बसवायचं. कप आणि किल्ली पाहून जो माणूस बोलत नाही, तो इंजिनासाठी तरी बोलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पदर खोचला, व्हरांड्यात जुनी गादी अंथरली आणि फिटरांना खुर्चीवर आणून बसवलं. "मी बसवणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं."

फिटरांची एक भुवई तेवढी वर-खाली झाली.

सुट्या भागांची काळजी नव्हती. फिटरांची पद्धत अशी, की काढलेला प्रत्येक बोल्ट, त्याच्या चकत्या, नळ्या, नट, जसे निघाले त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवायचे. डाव्या बाजूचा भाग असेल तर तारेला एक पीळ, उजव्या बाजूचा असेल तर दोन. अशा तारा स्वयंपाकघरात खिळ्यांना टांगलेल्या होत्या. महिनोन् महिने बाईंनी त्यांच्यावरची फोडणीची चिकट धूळ पुसली होती. ती रांग त्यांना पाढ्यासारखी पाठ झाली होती.

पण हे त्यांनी दाखवलं नाही. साळसूदपणे विचारलं, "अहो, पहिली कोणती तार घेऊ?"

फिटरांनी डाव्या हातानं बोट दाखवलं.

"आणि पाना? कितीचा?"

पुन्हा बोट.

बाईंच्या लक्षात आलं, की बोटानं भागतंय तोवर जीभ हलायची नाही. म्हणून त्या पाठ करून बसल्या. "आता मला दिसत नाही हं. सांगा." मागून काठीचा आवाज. टक. बाईंनी डावीकडचा पाना उचलला. टक टक. उजवीकडचा उचलला. टक.

अर्ध्या तासात फिटरांची नवी भाषा तयार झाली. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि पाठोपाठ बऱ्याच म्हणजे "अगं, काय चाललंय तुझं." कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य गेलेला माणूस. न बोलता काम करायच्या शंभर तऱ्हा त्यांच्याकडे होत्या. बाईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी आपलं ठेवणीतलं हत्यार काढायचं ठरवलं.

वर्गात न बोलणाऱ्या मुलासाठी बाईंची एक युक्ती होती. मुद्दाम चुकायचं. एकदा त्यांच्या वर्गात एक मुलगी आली होती. इतकी बारीक आवाजाची, की सगळे तिला चिमणी म्हणत, आणि तो बारीक आवाजही ती काढत नसे. एके दिवशी बाईंनी फळ्यावर पाचानंतर सात लिहिले आणि भोळा चेहरा करून उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. शेवटी चिमणी उठली आणि म्हणाली, "बाई, सहा राहिले." त्या दिवसापासून चिमणी बोलायला लागली. ही हकीकत बाईंनी नंतर लग्नकार्यांत, शिक्षकांच्या बैठकीत, जेवणाच्या ताटावर इतक्यांदा सांगितली होती, की मुलगा लहानपणी "बाई, सहा राहिले" हे वाक्य त्यांच्या आधी म्हणून टाकायचा.

इंजिन उचलायला माणूस हवा होता. दुपारी बेकरीवाला आला. त्याची बेकरी गल्लीच्या तोंडाशी होती, सकाळची भट्टी उरकून संध्याकाळच्या भट्टीपर्यंत तो मोकळा असे. कोपरापर्यंत पिठानं पांढरा, अंगानं दणकट आणि तोंडानं अखंड चालू. तोही बाईंच्याच हाताखालून गेलेला. वर्गात दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हा द्यायचा, आणि ती खोड मोडावी म्हणून बाईंनी केलेले सगळे उपाय वाया गेले होते.

"काका, आज तब्येत कशी?" त्यानं विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाला, "बरी दिसतेय. काल जरा ओढल्यासारखे वाटत होतात. झोप लागली ना? लागली असणार."

"त्यांना विचारलंस ना?" बाई म्हणाल्या. "मग त्यांना सांगू दे."

"ते कुठे बोलतात बाई?"

"तू जागा ठेवलीस तर बोलतील ना."

बेकरीवाल्यानं जीभ चावली. ती तशीच राहील अशी आशा बाईंनाही नव्हती.

एवढं अवजड इंजिन सांगाड्यात उचलून घालायचं कसं, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडेल. तसं ते घालायचंच नसतं. इंजिन गादीवर एका कुशीवर निजवायचं आणि सांगाडा त्याच्यावरून आणायचा. झोपलेल्या मुलाला न उठवता सदरा घालतात ना, अगदी तसं. ही उपमा फिटरांचीच, पूर्वी कधीतरी बोलता बोलता त्यांनी दिलेली. बेकरीवाल्यानं इंजिन फळीवरून उचललं, कण्हत कण्हत व्हरांड्यात आणलं आणि गादीवर निजवलं. "मैद्याचं पोतं निदान अंगाशी मऊ लागतं," तो म्हणाला. "हे तर सासऱ्यासारखं आहे. कुठूनही धरा, टोचतंच."

मग दोघांनी मिळून सांगाडा हळूच वरून उतरवला. बाईंनी मागच्या लांब बोल्टची तार हातात घेतली. या बोल्टवर दोन नळ्या होत्या, इंजिन आणि सांगाडा यांच्या मधली फट भरायला. एक लांब, ती उजवीकडची. एक आखूड, ती डावीकडची. बाईंनी फिटरांना दिसेल अशा बेतानं लांब नळी डावीकडे लावली आणि आखूड उजवीकडे. आणि भोळा चेहरा केला.

फिटर बघत होते. काठी हातात होती. काठी हलली नाही.

बाईंनी बोल्ट आत सरकवला. सावकाश. मध्येच थांबून घाम पुसला. पुन्हा सरकवला. काठी गप्प. "अहो, बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. फिटर तुळईवरच्या चिमणीच्या घरट्याकडे बघत होते.

आता युक्तीची अडचण अशी, की ती मध्येच सोडता येत नाही. फळ्यावर सात लिहिले की कुणीतरी सहा म्हणेपर्यंत बाईंना उभंच राहावं लागतं. नट लागला. दुसरा बोल्ट लागला, तिसरा लागला. सांगाडा उभा करून लाकडी खोक्यावर ठेवला. बेकरीवाल्यानं पुढचं चाक बसवलं, मागचं बसवलं. प्रत्येक नटाला बाईंना वाटे, आता बोलतील. या घटकेला नाही तर पुढच्या घटकेला. शेवटी साखळी चढवली, आणि बेकरीवाला मागे सरून एक डोळा मिटून बघत म्हणाला, "बाई, ही साखळी तिरकी का चाललीय?"

तिरकी चाललीच होती. लांब नळीनं इंजिन एका अंगाला ढकललं होतं. पुढची दातेरी चकती एकीकडे बघत होती आणि मागची दुसरीकडे, भांडलेल्या जावांसारख्या. आता सगळं पुन्हा खोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बाई फिटरांकडे वळल्या. दमल्या होत्या, गुडघे दुखत होते, हात काळे झाले होते. "तुम्हाला दिसत होतं ना?"

टक.

"मग थांबवलं का नाही मला?"

फिटरांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. डाव्या हाताचं बोट बाईंकडे केलं, हवेत मोठे पाच काढले, मग त्यापुढे मोठे सात. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडाची उजवी बाजू अजून नीट उचलली जात नव्हती, पण डावी बाजू पुरेपूर हसत होती. आजारपणानंतर पहिल्यांदा.

बेकरीवाला दोघांकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "बाई, तुम्ही मुद्दाम चुकलात होय? वर्गात चुकायचात तसं?"

"तुला काय ठाऊक वर्गातलं?"

"म्हणजे काय? सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही मुद्दाम चुकायला लागलात की चेहरा असा करायचात." त्यानं डोळे मोठे करून, ओठांचा चंबू करून दाखवला. फिटरांनी काठी उचलून जोरात एक टक दिली.

बाई गादीच्या कडेवर बसल्या. "आणि चिमणी? तिला तर ठाऊक नव्हतं. ती तर उठून बोलली."

"तिलापण ठाऊक होतं की." बेकरीवाल्यानं सहज सांगून टाकलं. "मी तिच्या मागच्या बाकावर होतो. तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहिलात त्या राहिलातच. तुमचा पाय तेव्हा दुखत होता बघा, पट्टी बांधून यायचात. चिमणी मागे वळून मला म्हणाली, बाई केव्हाच्या उभ्या आहेत. मी म्हटलं, मग सांगून टाक ना सहा. म्हणून तिनं सांगितलं. नाहीतर तुम्ही बसला नसतात."

बाई उठल्या. त्यांनी पाना घेतला आणि नट सोडवायला सुरुवात केली.

काढण्याचं काम लावण्याहून शांत असतं. हात आपले आपण चालतात आणि डोकं रिकामं राहतं. चाकं निघाली, साखळी निघाली. बाईंच्या डोळ्यांसमोर तो वर्ग होता. फळ्यावरचे पाच आणि सात, आणि समोर बाकांवर सगळं कळून चुकलेली, तोंड मिटून बसलेली चाळीस पोरं. आपण चिमणीला बोलतं केलं, असं त्या इतकी वर्षं सांगत आल्या होत्या. आणि चिमणीनं तर त्यांना बसायला लावलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. शाळेत आपण मुलांना विचारतो ते सगळे प्रश्न असे असतात, ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच ठाऊक असतात. मुलं बिचारी चालवून घेतात. त्यांना वाटतं, मोठी माणसं अशीच असतात, सगळं माहीत असून विचारतात. पण सत्तरी गाठलेल्या माणसाला कपाचं चित्र दाखवून हे काय आहे म्हणून विचारलं, तर त्यानं कशासाठी चालवून घ्यावं? आणि कोणती तार घेऊ, कितीचा पाना घेऊ, हे तरी कपापेक्षा काय वेगळं होतं?

सांगाडा पुन्हा उचलला गेला. इंजिन गादीवर उघडं पडलं. बेकरीवाला भट्टीची वेळ झाली म्हणून उद्याचा वायदा करून गेला. बाईंनी लांब नळी आणि आखूड नळी पुसून तारेत आपापल्या जागी ओवली.

"अहो," त्या फिटरांकडे न बघता म्हणाल्या, "मी तुम्हाला पहिलीत बसवलं. ते चुकलं माझं."

त्या पाने पुसायला लागल्या. मग एक टक. हलकी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काहीच विचारलं नाही. तार उचलायच्या, लावायच्या, पुढची घ्यायच्या. आपल्याला येतं हे लपवायचं सोडल्यावर काम भराभर उरकायला लागलं. फिटर खुर्चीवरून बघत होते, आणि बाईंना मधूनच वाटे, त्यांच्या बघण्यात थोडं आश्चर्य आहे. कधी बेकरीवाल्याच्या हातून वॉशर सुटला की काठी वाजे, कधी उगाचच, खोडी काढल्यासारखी. बेकरीवाला दचकून हात मागे घेई आणि फिटर घरट्याकडे बघत बसत. चार-पाचदा असं झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता तुमच्या टकटकीला आम्ही दोघंही उत्तर देणार नाही. लांडगा आला रे आला चाललंय नुसतं."

इंजिन सरळ बसलं. साखळी ताठ, एका रेषेत चालली. इंजिनात खुणेपर्यंत तेल घातलं, किकचा दांडा लावला. मागच्या अंगाला कार्बुरेटर बसवला आणि पुढच्या अंगाला धुराची नळी. टाकी अजून चढवायची होती, पेट्रोलचा थेंब नव्हता, तरी मोटरसायकल आता मोटरसायकलसारखी दिसत होती. बेकरीवाल्याच्या पायाला खाज सुटली.

"बाई, एक किक मारू? सुरू नाही होणार, ठाऊक आहे मला. नुसतं आतून फिरतंय का बघतो."

"मार की."

टक टक.

"ऐकू नकोस रे," बाई हसून म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर बसून गादीखालचे पाने गोळा करत होत्या, पाठ फिटरांकडे होती. "खोड्या चालल्यात."

टक टक. टक टक.

बेकरीवाल्यानं दांड्यावर पाय ठेवला, हँडल धरलं आणि अंग वर उचललं.

"थांब."

आवाज जाडसर होता, ओला, शेवटचं अक्षर ओठांतून पुरतं न सुटलेला. पण तो शब्द होता. बेकरीवाला एका पायावर तसाच थांबला. बाई वळल्या.

फिटर खुर्चीच्या कडेला आले होते. काठी खाली पडली होती. चेहरा लाल झाला होता, श्रमानं की लाजेनं ते कळत नव्हतं. त्यांनी डावा हात इंजिनकडे केला. इंजिनकडे बघून मात्र काही उमजत नव्हतं. सगळं जिथल्या तिथे होतं, पुसलेलं, घट्ट. बोट दाखवून सांगता येण्यासारखं तिथे काही नव्हतं. ते फिटरांनाही कळलं असावं, कारण त्यांनी हात खाली घेतला.

"आत," ते म्हणाले. आणि पुढचा शब्द अडकला.

"आत काय काका? तेल? तेल घातलंय. की—"

बाईंनी बेकरीवाल्याकडे न बघता तळहात वर केला. तो गप्प झाला.

बाईंना पुढचा शब्द सुचवायचा मोह झाला असेल असं कुणालाही वाटेल. पण गंमत अशी, की त्यांना तो ठाऊकच नव्हता. फिटर काय सांगणार आहेत याचा त्यांना मागमूस नव्हता. त्या पाने मांडीवर घेऊन नुसत्या बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा कसा झाला होता हे त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. फिटरांना दिसत होतं.

गल्लीतून एक सायकल गेली. घरट्यात काहीतरी फडफडलं.

"बो," फिटर म्हणाले. थांबले. मान हलवली, जणू हा पाना नाही, दुसरा. पुन्हा जीभ जुळवली. "बोळा. आत. आहे."

"कसला बोळा?"

"बनि... यनचा. माझ्या." आता ते शब्द एकेक करून खाली ठेवत होते, तारेतून काढल्यासारखे. "मी... घातलाय. उन्हाळ्यात. धूळ... जाऊ नये... म्हणून."

बाई कार्बुरेटरकडे वळल्या. तो ज्या भोकावर बसवला होता ते भोक खोल होतं आणि काळोखं. तेलानं काळा झालेला बोळा आत दडला असेल, तर बसवताना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. किक मारली असती तर इंजिनानं पहिल्या श्वासालाच तो आत ओढला असता, आणि मग पुन्हा सगळं खोलावं लागलं असतं, तेही पार पोटापर्यंत. हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

कार्बुरेटर सोडवला. बाईंनी घरातून क्रोशाची सुई आणली, भोकात घातली, हळूहळू फिरवली, आणि घसा साफ केल्यासारखा आवाज करत काळा, चिकट बोळा बाहेर आला. बेकरीवाल्यानं तो दोन बोटांनी उचलून उजेडात धरला. त्याला बोलायचं होतं हे त्याच्या अंगभर दिसत होतं. पण तो बोलला नाही. बाईंच्या सगळ्या उपायांनी जे झालं नव्हतं ते आज आपोआप झालं होतं.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. एवढंच. शाबासकी दिली नाही. ती त्यांच्या ओठांवर आली होती, पण त्यांनी परतवली.

कार्बुरेटर पुन्हा बसवायला घेतला, तेव्हा त्यांच्या मनात खरोखरच एक शंका आली. "अहो, असं आणखी काही घालून ठेवलंय का तुम्ही आत? मला नाही माहीत."

फिटरांनी विचार केला. मग पुढच्या बाजूला बसवलेल्या, चकचकीत पुसलेल्या, चारही बाजूंनी घट्ट आवळलेल्या धुराच्या नळीकडे पाहिलं.

"पुढे," ते म्हणाले. "पण... आहे... एक."

बेकरीवाला गादीवर पडून हसला. बाईंनी पदरानं तोंड झाकलं. फिटर हसले नाहीत. त्यांना हसायला सवड नव्हती. पुढचं वाक्य जुळवायचं होतं. "लेंग्याची... नाडी... बांधलीय. त्याला. ओढून... काढ."

धुराची नळी सोडवेपर्यंत उन्हं कलली. बेकरीतला पोरगा बोलावायला आला, "मालक, पीठ वर आलंय." बेकरीवाला गेला, जाताना दोनदा वळून बघत. बाईंनी नाडीला धरून दुसरा बोळा काढला आणि हात पुसत फिटरांच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसल्या.

एक गोष्ट त्यांना उन्हाळ्यापासून विचारायची होती. तेव्हा विचारली नव्हती, कारण तेव्हा उत्तर मिळायला वेळ लागत नसे आणि म्हणून विचारायची घाईही नसे. "मी म्हणते," त्या म्हणाल्या, "एवढं नवं सगळं आत घातलंत, मग ती एक जुनी स्प्रिंग तेवढी का नाही बदललीत? तुम्ही ती हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होतात."

फिटरांनी त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्न खरा आहे का हे ते तपासत असावेत. मग पाय सरळ केला, पाठ खुर्चीला टेकवली, आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य लांबलचक होतं. ते दोनदा मोडलं. एकदा त्यांनी ते मागे घेतलं आणि नव्यानं धरलं. स्प्रिंगचं सांगता सांगता कारखान्यातला कुणी जुना माणूस त्यात आला, मग कुठलातरी घाट, मग भर उन्हात बंद पडलेली गाडी. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या ऐकत बसल्या.